'रक्तदाबामुळे' की 'रक्ताच्या दाबामुळे'? आणि मूत्रपिंडात नेमकं काय गाळलं जातं?

लेखणी:
नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी मूत्रपिंडावरचं एक प्रकरण मराठीत करते आहे. माझं वाक्य होतं, 'केशिकागुच्छातल्या रक्ताच्या दाबामुळे रक्तद्रवातलं पाणी, त्यात विरघळलेल्या पदार्थांसह, गाळून संपुटात उतरतं.' (केशिकागुच्छ म्हणजे मूत्रपिंडातलं अतिबारीक रक्तवाहिन्यांचं वेटोळं, संपुट ही त्याभोवतीची पिशवी आणि रक्तद्रव म्हणजे पेशी वगळता उरणारा रक्तातला द्रव.) संपादकांचा हात फिरून ते परत आलं ते असं: 'रक्तदाबामुळे मूत्रपिंडात रक्त गाळले जाते.'

वाक्य आटोपशीर झालं, हे मान्य. पण 'रक्तदाबामुळे' वाचलं की आजारच डोळ्यांपुढे येतो. 'त्यांना रक्तदाब आहे' हे आपण सर्रास म्हणतो आणि ऐकणाऱ्याला गोळ्या-पथ्यासकट कळतं. शिवाय 'रक्त गाळले जाते' हेही मला पटत नाही. तुम्ही काय लिहिलं असतं?

कानामात्रा:
रक्ताचा दाब तो रक्तदाब, सरळ षष्ठी तत्पुरुष. रक्तदाब जिवंत माणसाला असतोच. आजार असतो तो उच्च रक्तदाब. लोक ढिलं बोलतात म्हणून नेमका शब्द आपण का सोडायचा? 'त्याला शुगर आहे' असं म्हणतात, म्हणून रक्तातल्या साखरेला साखर म्हणायचं थांबवतो का? संपादकांचं बरोबर आहे.

यंत्रकक्ष:
मी डायलिसिस विभागात काम करतो. आमच्याकडे रोज कानावर पडणारं वाक्य: 'मला बीपी आहे, त्यानेच किडनी गेली.' ज्या माणसाच्या घरात हे वाक्य बोललं जातं, त्याच्या मुलीने नर्सिंगच्या पुस्तकात 'रक्तदाबामुळे मूत्रपिंडात रक्त गाळले जाते' वाचलं तर ती गोंधळेलच. व्याकरणाने शब्द सुटेल, पण अर्थ वाचणाऱ्याच्या डोक्यात तयार होतो. लेखणी यांचंच वाक्य ठेवा.

शरीरक्रिया:
समासाचा वाद बाजूला ठेवला तरी संपादकांचं वाक्य वस्तुस्थितीलाच धरून नाही. रक्तदाब म्हणून आपण दंडाला पट्टा बांधून मोजतो तो मोठ्या धमनीतला दाब. गाळण चालते केशिकागुच्छातल्या दाबावर. पाठ्यपुस्तकी आकडे घ्या: गुच्छात साधारण ६० मिमी पारा, त्याच्या विरोधात संपुटातल्या द्रवाचा दाब १८ आणि रक्तातल्या प्रथिनांची पाणी आत धरून ठेवणारी ओढ सरासरी ३२. वजाबाकी केली की हाती उरतात १०. एवढ्या दहाच्या जोरावर दोन्ही मूत्रपिंडांत मिळून मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर, म्हणजे दिवसाला १८० लिटर द्रव गाळला जातो.

आणि धमन्यांतला सरासरी दाब ८० च्या पुढे अगदी १६० पर्यंत चढला, तरी गाळण जवळपास तेवढीच राहते. दाब वाढला की गुच्छात रक्त आणणारी धमनिका, म्हणजे बारीक धमनी, आपणहून आकसते, उतरला की सैलावते. शिवाय संपुटातून पुढे निघणाऱ्या नलिकेत किती मीठ पोचलं याची वर्दी त्याच धमनिकेला मिळते आणि ती त्याप्रमाणे तोंड लहानमोठं करते. म्हणजे बाहेरचा रक्तदाब आणि आतली गाळण यांची सरळ गाठ बसू नये, याचीच इथे तजवीज आहे. 'रक्तदाबामुळे गाळलं जातं' या वाक्याने ती सगळी पुसली जाते.

कानामात्रा:
मग 'गुच्छदाब' म्हणा. नवा शब्द, जुनं ओझं नाही. 'रक्ताच्या दाबामुळे' लिहून तरी कोणता दाब ते कुठे कळतं?

लेखणी:
माझ्या वाक्यात 'केशिकागुच्छातल्या' हा शब्द होता. तोच नेमका कापला गेला.

धातुपाठ:
'गाळणे'बद्दल कोणीच बोलत नाही म्हणून लिहितो. गळणे-गाळणे ही जोडी पडणे-पाडणे, जळणे-जाळणे यांच्यासारखी आहे. गळणं आपोआप होतं, गाळायला कर्ता लागतो. मूत्रपिंडात गाळणारा कोण? शरीरक्रिया यांनी दिलेल्या हिशेबात जोर सगळा हृदयाचा आहे. गुच्छ स्वतः काही ढकलत नाही. म्हणून 'मूत्रपिंड रक्त गाळतं' यापेक्षा 'मूत्रपिंडात रक्तातलं पाणी गळतं' हे मला जास्त खरं वाटतं.

दुसरं, 'गाळणे'ची दोन तोंडं. पाणी गाळतो तेव्हा पाणी आपल्याला हवं असतं आणि ते आरपार जातं. यादीतून नाव गाळतो तेव्हा नको ते काढून टाकतो. 'रक्त गाळले जाते' म्हटलं की वाचक पहिला अर्थ घेतो: रक्त आरपार गेलं, घाण वर राहिली. इथे घडतं उलटं. रक्त आपल्या वाटेने पुढे जातं आणि त्यातला पाण्याचा एक वाटा बाजूला निघतो.

शरीरक्रिया:
अगदी बरोबर. गुच्छात आलेल्या रक्तद्रवापैकी साधारण पाचवा हिस्सा बाहेर पडतो, चार हिस्से पुढे जातात. आणि जो बाहेर पडतो तो 'घाण' नसतो. त्यात ग्लुकोज असतं, अमिनो आम्लं असतात, मीठ असतं. जवळजवळ प्रथिनं वगळलेला रक्तद्रवच तो. पुढे नलिका त्यातलं ९९ टक्के पाणी परत घेते आणि लघवी होते दिवसाला दीड-एक लिटर. त्यामुळे 'मूत्रपिंड रक्तातली घाण गाळतं' हे वाक्य मी वर्गात कुणाला बोलू देत नाही.

जुनीपाने:
धातुपाठ, तुमच्या 'कर्ता कोण' या प्रश्नावर ऐंशी वर्षं भांडण चाललं होतं. १८४२ मध्ये बोमन या शरीरशास्त्रज्ञांनी गुच्छाभोवतीचं संपुट नीट दाखवलं. त्यांच्या मते गुच्छातून पाणी येतं आणि बाकीचे पदार्थ नलिकेच्या पेशी स्रवतात. त्याच सुमारास लुडविग म्हणाले की स्रवणं वगैरे काही नाही, रक्ताच्या दाबाने द्रव गाळला जातो आणि पुढे आटतो. पुढे हायडेनहाइन यांनी पुन्हा स्रवण्याची बाजू उचलून धरली. म्हणजे वाद क्रियापदाचाच होता, गाळणे की स्रवणे.

निकाल लागायला १९२४ उजाडलं. वर्न आणि रिचर्ड्स यांनी बेडकाच्या मूत्रपिंडातल्या एका संपुटात केसासारखी बारीक काचेची नळी घालून थेंबभर द्रव काढला. त्यात प्रथिनं नव्हती, पण साखर होती, क्लोराइड होतं. त्याच बेडकाच्या मूत्राशयातल्या लघवीत मात्र साखर आणि क्लोराइड सापडत नव्हतं. म्हणजे आधी सगळं गाळलं जातं आणि वाटेत परत घेतलं जातं. हे एकदा समजल्यावर 'गळणे' मला फार निष्क्रिय वाटतं. गळतो तो नळ, ती बिघाडाची खूण.

पाटपाणी:
'झिरपणे' का नाही? पाटाला पुढे बांध घातला की मागे पाणी तुंबतं आणि काठातून झिरपू लागतं. गुच्छाचं तेच ना? रक्त बाहेर नेणारी धमनिका आकसली की आतला दाब वाढतो. केशिकांची भिंत आहे, भोकं बारीक आहेत, पाणी झिरपतं. गाळण्याला 'निस्यंदन' हा पुस्तकी शब्द कशाला हवा?

शरीरक्रिया:
बांधापर्यंत ठीक. पण बांध फार उंच केला तर मागून येणारं रक्तही घटतं, आणि इथेच प्रवाहाचा मुद्दा येतो. पाणी बाहेर पडत जातं तशी मागे उरलेल्या रक्तात प्रथिनं दाटत जातात, त्यांची ओढ वाढत जाते: गुच्छाच्या सुरुवातीला २८ असते, शेवटाला ३६ च्या आसपास. रक्त भरभर वाहत असेल तर ही ओढ हळू चढते आणि गुच्छाच्या मोठ्या लांबीवर गाळण चालू राहते. प्रवाह मंदावला की ती लवकर चढते आणि गाळण अलीकडेच मरगळते. बाहेर नेणारी धमनिका खूपच आवळली गेली तर दाब वाढलेला असूनही गाळण कमी होते. म्हणून 'दाबामुळे' एवढंच लिहिणंही अपुरं. 'दाबामुळे आणि प्रवाहामुळे' लिहा.

आणि 'झिरपणे' फार सावकाश आहे हो. सबंध शरीरातला सुमारे तीन लिटर रक्तद्रव दिवसातून साठेक वेळा गाळून निघतो.

यंत्रकक्ष:
आमच्या यंत्रावर दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या दिसतात. क्षार आणि युरिया बहुतेक विसरणाने, म्हणजे दाट बाजूकडून विरळ बाजूकडे पसरत जातात, पाणी दाबाच्या फरकाने काढावं लागतं. 'यूएफ (अल्ट्राफिल्ट्रेशन) किती लावायचं' असंच आम्ही विचारतो आणि रुग्णाला सांगताना 'किती पाणी काढायचं' म्हणतो. 'निस्यंदन' कुणाच्या तोंडी ऐकलं नाही.

आणखी एक. लेखणी, तुमच्या प्रकरणात 'मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा' असा मथळा असेल तर बदला. पुरवठा म्हटला की पोटापुरतं आलं असं वाटतं. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा ते चौथा हिस्सा या दोन अवयवांत जातो, आणि त्यांचं वजन शरीराच्या अर्ध्या टक्क्याच्या घरात. इतकं रक्त त्यांच्या पोषणाला लागत नाही. त्यातला प्राणवायू बराचसा तसाच परत जातो. रक्त येतं ते गाळलं जाण्यासाठी. 'रक्तप्रवाह' लिहा.

लेखणी:
मथळा 'रक्तपुरवठा' असाच आहे. आजच बदलते. हा माझ्या लक्षातच येणारा मुद्दा नव्हता, आभार.

कानामात्रा:
'निस्यंदन'ला इतकं का धोपटता? स्यंद् म्हणजे वाहणं, पाझरणं. त्यात कर्ता नाही, घाण नाही, सावकाशपणाची सक्ती नाही. धातुपाठ यांच्या सगळ्या अटी त्यात बसतात. विद्यार्थ्याला शब्द नवीन आहे एवढीच तक्रार असेल, तर 'केशिकागुच्छ' तरी तो कुठे घरी ऐकून येतो?

जुनीपाने:
'गुच्छ' वरही माझा आक्षेप आहे. 'ग्लोमेरुलस' या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ सुताची लहानशी गुंडी. केशिका तिथे फुलांसारख्या जुडीने बांधलेल्या नसतात, एकाच धमनिकेला फाटे फुटून वेटोळी होतात आणि पुन्हा एकाच धमनिकेत मिळतात. 'केशिकागुंडी' म्हटलं तर चित्र नेमकं उभं राहतं.

धातुपाठ:
गुंडी म्हणजे सदऱ्याचं बटणही. पण एवढे शोधतच आहात तर 'मूत्रपिंड' की 'वृक्क' तेही ठरवा. शालेय पुस्तकात वृक्क, दवाखान्यात मूत्रपिंड, बोलताना किडनी.

कानामात्रा:
वृक्क. वैदिक शब्द आहे.

जुनीपाने:
शब्द जुना, पण काम वेगळं. चरकसंहितेत वृक्क हे मेदोवह स्रोतसांचं, म्हणजे मेद वाहून नेणाऱ्या मार्गांचं, मूळ सांगितलंय. मूत्रवह स्रोतसांची मुळं बस्ती (मूत्राशय) आणि वंक्षण (जांघ). लघवीशी नातं सांगायचं असेल तर 'मूत्रपिंड'च बरं.

कानामात्रा:
हे मला पटत नाही. जुन्या शब्दाला नवा अर्थ देता येत नसेल तर 'विद्युत्' सुद्धा आकाशातच ठेवावी लागेल. आणि 'मूत्रपिंड' म्हटलं की फक्त मूत्र आठवतं. रक्तदाबाचं नियमन, तांबड्या पेशींसाठीचं संप्रेरक, ही कामं त्या नावात कुठे आहेत?

लेखणी:
वृक्काचा वेगळा धागा काढूया का? माझी वाक्यं उद्या पाठवायची आहेत. तूर्त असं लिहिते आहे: 'केशिकागुच्छातल्या दाबामुळे, आणि तिथून सतत वाहणाऱ्या रक्तामुळे, रक्तद्रवाचा पाचवा हिस्सा गाळून संपुटात उतरतो.' आता पुढची अडचण. रक्त आणणारी ती अभिवाही धमनिका आणि बाहेर नेणारी ती अपवाही. एकाच अक्षराचा फरक, आणि छपाईत एकदा उलटसुलट झालंच आहे. औषधांच्या तक्त्यात तसं झालं तर अनर्थ. काही वेदनाशामक गोळ्या आणणारी आवळतात आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या नेणारी सैल करतात.

पाटपाणी:
येती आणि जाती धमनिका.

कानामात्रा:
'जाती'चा दुसरा अर्थ आधी डोक्यात येतो. आगम आणि निर्गम घ्या.

यंत्रकक्ष:
'आणणारी' आणि 'नेणारी' हेच ठेवा. लेखणी, तुम्ही आत्ता वर तेच लिहिलंय आणि कोणालाही विचारावं लागलं नाही.

कानामात्रा:
ती विशेषणं झाली, संज्ञा नव्हेत. तक्त्याच्या रकान्यात 'नेणारी' एवढंच लिहिलं तर काय नेणारी?