आईचा डोळ्यांचा सीटी: 'मसल्स जाड, टेंडन स्पेअर्ड' म्हणजे काय?

घाबरलेली_लेक
आई ५४ ची, थायरॉईड वाढलेलं (ग्रेव्हज नावाचा थायरॉईडचा आजार), गोळ्या चालू आहेत. दोन महिन्यांपासून उजवा डोळा बाहेर आल्यासारखा वाटतो, सकाळी पापण्या सुजतात आणि आता वर बघितलं की एकाचे दोन दिसतात. सीटीच्या रिपोर्टमध्ये लिहिलंय की इन्फिरिअर आणि मीडियल रेक्टस दोन्हीकडे जाड, उजवीकडे जास्त, टेंडन स्पेअर्ड, एपेक्सला गर्दी नाही. गूगल केलं तर ट्यूमरच येतंय सगळीकडे. आणि टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) तर आता नॉर्मल आलंय मग डोळ्यांना काय झालं??

काळीपांढरी_फिल्म
रेडिओलॉजीत आहे, पण फिल्म न बघता बोलतोय हे धरून वाचा. गूगल बंद करा आधी. ग्रेव्हजमध्ये डोळा हलवणारे स्नायू मध्ये फुगतात आणि डोळ्याला चिकटतात तिथे बारीकच राहतात, म्हणून आम्ही त्याला कोका कोलाची बाटली म्हणतो, ते 'टेंडन स्पेअर्ड' म्हणजे हेच. टेंडनसकट सुजलं असतं तर दुसऱ्या आजारांचा विचार आधी केला असता. बहुतेक वेळा आधी खालचा स्नायू धरतो, मग नाकाकडचा, तुमच्या रिपोर्टमध्ये तेच आहे. खालचा आखडला की डोळा वर जाताना अडतो, म्हणून डबल दिसतं. एपेक्स म्हणजे खोबणीचं मागचं टोक, तिथे फुगलेल्या स्नायूंनी नजरेची नस दाबली जाऊ शकते, ती गर्दी नाही हे चांगलंय.

टीएसएचचं म्हणाल तर डोळ्यांना त्रास अँटीबॉडीजमुळे होतो, हार्मोन ताळ्यावर आले तरी डोळे आपल्या चालीने चालतात.

चष्मेबहाद्दर
मला ह्यातून जाऊन ३ वर्षं झाली, माझ्या डॉक्टरांनी नंतर एमआरआय पण करायला लावला होता, तेव्हा राग आला खर्चाचा. पण त्यात स्नायू चमकला तर सूज अजून ताजी, औषधाला दाद देईल, नाहीतर जुना व्रण, असं काहीसं कळतं म्हणे. सिगरेट कोणी ओढत असेल घरात तर ती बंद, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

काळीपांढरी_फिल्म
बरोबर. आणि एक, ती नस दबत नाही ना हे कळायला लाल झाकण एकेका डोळ्याने बघायला सांगा, एका डोळ्याला फिकट दिसलं किंवा नजर मंद झाली तर रिपोर्टमध्ये काही का असेना, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

घाबरलेली_लेक
आत्ताच बघितलं, लोणच्याच्या बरणीचं झाकण, दोन्हीकडे सारखंच लाल म्हणते. सोमवारची अपॉइंटमेंट घेतलीये.