घरी व्हाइट कॅसलसारखे स्लायडर्स करायचे आहेत, सल्ला हवा

पोटोबा

नमस्कार मंडळी. पुढच्या शनिवारी घरी वीसेक माणसं आहेत, त्यात निम्मी पोरं. मुलाचं फर्मान निघालंय की पिझ्झा नको, "ते छोटे चौकोनी बर्गर" हवेत. म्हणजे व्हाइट कॅसल या अमेरिकन बर्गर दुकानसाखळीचे स्लायडर्स. आम्ही राहतो त्या राज्यात त्यांची शाखाच नाही. गोठवलेली पाकिटं मिळतात, पण पाहुण्यांना मायक्रोवेव्हमधून काढून द्यायचं जिवावर येतंय.

नेटवर कृती ढिगाने आहेत आणि एकीचा दुसरीशी मेळ नाही. कोणी खिम्यात कांद्याच्या सुपाची पूड घालतं, कोणी पीनट बटर, आणि एका जुन्या कृतीत तर तान्ह्या बाळांसाठी डबीत मिळतो तो मांसाचा लगदा आहे! खरंच यातलं काही लागतं का? पाव कुठला घ्यायचा? आणि मुख्य म्हणजे निदान चोवीस नग एकदम गरम कसे वाढायचे? एक ओव्हन, एक मोठा तवा, एवढीच सामग्री आहे. चार जण बीफ खात नाहीत, दोघं पूर्ण शाकाहारी आहेत (अंडंही नाही).

---

वाफाळ

पोटोबा, सूप, पीनट बटर, लगदा सगळं विसरा. खिम्यात काहीही घालायचं नाही. मीठसुद्धा नाही.

हा बर्गर भाजलेला नसतो, वाफवलेला असतो. घरच्या नकला फसतात त्या इथेच. तव्यावर कांदा पसरायचा, कांद्यावर पॅटी (खिम्याची चपटी वडी), पॅटीवर पाव. कांद्याचं पाणी तापलं की वाफ मांसातून वर चढते आणि पावात मुरते. ती चव कांद्याच्या वाफेची आहे, मसाल्याची नव्हे. पॅटीला पाच भोकं असतात तीही त्यासाठीच. १९५४ साली त्यांच्याच सिनसिनाटीच्या दुकानातल्या एका माणसाने ही युक्ती सुचवली. वाफेला वाट मिळाली की पॅटी लवकर शिजते आणि उलटावी लागत नाही.

आता चोवीस नगांचं गणित. ८०:२० चा बीफ खिमा (म्हणजे २० टक्के चरबी) ७०० ग्रॅम घ्या. दोन बटर पेपरच्या मध्ये ठेवून लाटण्याने साधारण १२ बाय १८ इंच लाटा, जाडी पाच मिलीमीटरच्या आसपास येईल. ट्रेसकट अर्धा-पाऊण तास फ्रीझरमध्ये. कडक झाला की ४ बाय ६ असे तीन-तीन इंचांचे चौकोन सुरीने कापा आणि जाड स्ट्रॉने प्रत्येकात पाच भोकं पाडा. पाव सव्वादोन-अडीच इंचांचा असताना पॅटी तीन इंचांची बघून घाबरू नका, शिजल्यावर ती आक्रसते आणि बरोबर मापात बसते. पावाएवढीच कापली तर मधोमध बटणाएवढं मांस उरतं.

मीठ का नाही? खिम्यात मीठ घालून मळलं की मांसातली प्रथिनं विरघळतात आणि एकमेकांना चिकटतात, पॅटीचा पोत सॉसेजसारखा घट्ट होतो. मीठ आणि मिरपूड वरून, ट्रे ओव्हनमध्ये जाताना.

कांदा: डबीत बारीक वाळवलेला मिळतो तो अर्धा कप, दीड कप गरम पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून. त्यांच्याकडेही वाळवलेला कांदाच भिजवून वापरतात, त्यामुळे ताजा कांदा म्हणजे अधिक अस्सल असं इथे अजिबात नाही. ताज्या कांद्याची चव चांगली लागते, पण वेगळी.

---

तवा_तापला

वाफाळ यांच्याबद्दल आदर आहे, पण उकडलेलं मांस वीस माणसांना कोण वाढतं? बर्गरची मजा तव्यावर दाबून आलेल्या खरपूस कडेत आहे. बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवा, खिम्याचे छोटे गोळे टाका, वर पातळ कांदा, उलथन्याने कचकन दाबा. तीन मिनिटांत काम तमाम.

---

वाफाळ

तवा_तापला, तुम्ही सांगताय तो ओक्लाहोमाचा कांदा बर्गर. एल रीनो गावाची ती खासियत. कांदा मांसात दाबून तव्यावर जवळजवळ करपवायचा, अप्रतिम लागतो, मीही करतो. पण पोराने मागितलाय तो हा नव्हे. खरपूस कड आली की पॅटी चिवट लागते आणि तो मऊ घास, जो पावासकट दोन चाव्यांत संपतो, तो जातो.

शिवाय तव्यावर एका वेळी फार तर आठ-दहा मावणार. पोटोबा अख्खा वेळ धुरात उभे राहतील आणि पहिला घाणा गार झाल्यावर तिसरा उतरेल.

---

तवा_तापला

धुराचा मुद्दा मान्य. बाकी मतभेद कायम.

---

कणीक_आणि_यीस्ट

पावाबद्दल कोणी बोललंच नाही, आणि स्लायडरमध्ये निम्मा ऐवज पावच असतो.

विकतचा घेणार असाल तर बटाट्याचे छोटे डिनर रोल घ्या, एकमेकांना चिकटलेल्या लादीत येतात ते. हवाईयन गोड रोल सगळ्या कृतींमध्ये दिसतात, पण ते चांगलेच गोड असतात आणि मूळ पाव गोड नसतो. शिवाय त्यात अंडं असतं, तुमच्या दोघा शाकाहारी पाहुण्यांसाठी तेही लक्षात ठेवा. दुसरा कुठलाही पाव घेतलात तरी पाकिटावरची यादी वाचा. ब्रिऑश नकोच. भरपूर लोणी-अंड्याचा पाव वाफेने चिकट होतो.

वेळ असेल तर घरी करा, बिनअंड्याचे. ब्रेडचं पीठ ३८० ग्रॅम, कोमट दूध २५० मिली, साखर ३५ ग्रॅम, मीठ ७ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम. मळून झाल्यावर मऊ लोणी ४५ ग्रॅम, आणि मग पुन्हा दहा मिनिटं दमदार मळणं. पीठ हाताला किंचित चिकटलं पाहिजे, वरून पीठ भुरभुरवायचा मोह आवरा. दुप्पट फुगलं की हवा काढून ९ बाय १३ इंचांच्या ट्रेच्या मापाचं आयत लाटा, ट्रेमध्ये ठेवून ४ बाय ६ कापा. तुकडे वेगळे करायचे नाहीत. पुन्हा पाऊण तास फुगू द्या, वरून दूध लावा, १९० सेल्सियसवर (३७५ फॅरनहाइट) पंधरा ते अठरा मिनिटं. बाहेर काढल्याबरोबर स्वच्छ कापडाने झाका.

सगळे चिटकून भाजले की कडांना कवच धरत नाही आणि चारी बाजू मऊ राहतात. व्हाइट कॅसलचा पाव तसाच असतो. सुटे गोल बन भाजलेत तर कितीही चांगले झाले तरी बर्गरच लागतील, स्लायडर नाही.

आदल्या दिवशी केले तरी हरकत नाही, वाफेवर पुन्हा ताजे होतात. उलट शिळा पाव वाफ जास्त छान शोषतो.

---

सामिष_निरामिष

माझ्याकडे हीच पंगत असते, म्हणून लिहितो.

बीफ न खाणाऱ्यांसाठी चिकन खिमा घ्या, पण मांडीच्या मांसाचा. छातीच्या मांसात चरबी नावालाच असते आणि कोरडं झालेलं चिकन वाफेनेही सावरत नाही. पाचशे ग्रॅमला दोन चमचे वितळलेलं लोणी मिसळा. हा खिमा चिकट असतो, लाटताना बटर पेपरला तेलाचा हात लावा आणि फ्रीझरमध्ये बीफपेक्षा जास्त वेळ ठेवा, नाहीतर चौकोन सुटत नाहीत. कांद्याच्या पाण्यात थोडी मिरपूड आणि लसणाची पूड घालतो मी, चिकनला तेवढा आधार लागतो. वाफाळ रागावतील.

आतलं तापमान मात्र बघाच. बीफ खिम्याला ७१ सेल्सियस (१६० फॅरनहाइट), चिकनला ७४ (१६५). पॅटी पातळ आहे, तेव्हा थर्मामीटरची सुई वरून खुपसू नका, कडेतून आडवी घाला. वाफेत मांसाचा रंग फसवा असतो, बीफ आत करडं दिसलं म्हणजे शिजलं असं नाही.

शाकाहारींसाठी इम्पॉसिबल कंपनीचा वनस्पतीजन्य खिमा. व्हाइट कॅसलनेही २०१८ पासून त्याचेच स्लायडर ठेवलेत, त्यामुळे ही पळवाट वगैरे नाही, त्यांच्या पाटीवरचाच पदार्थ आहे. त्यातली चरबी खोबरेल आणि सूर्यफूल तेलाची, ती लवकर वितळते. लाटून फ्रीझरमधून काढला की रेंगाळू नका, लगेच कापा.

ट्रे वेगळा, उलथनं वेगळं, आणि ओव्हनमध्ये शाकाहारी ट्रे वरच्या खणात. खालून वर काही सांडत नाही.

---

पोटोबा

काय सांगू, एका संध्याकाळीत एवढं! पाव घरीच करतो शुक्रवारी.

अजून तीन शंका. ओव्हनमध्ये नेमकं कसं रचायचं? चीज कुठलं? आणि लोक सात ते आठच्या दरम्यान येणार आहेत, कोणाला ताजं आणि कोणाला गार असं व्हायला नको.

---

वाफाळ

चिकनमध्ये लसणाची पूड चालेल, रागावत नाही.

रचना अशी. मोठ्या ट्रेमध्ये, १३ बाय १८ इंचांचा कडा असलेला, भिजवलेला कांदा पाण्यासकट पसरा. थर इतका हवा की ट्रे दिसू नये. वर पॅटी अगदी लागून लागून मांडा. गोठलेल्याच ठेवा, वितळू देऊ नका. मीठ-मिरपूड. ट्रेवर फॉइल घट्ट, कडांना दाबून, वाफ निसटली तर सगळा खटाटोप वाया. २०० सेल्सियसवर (४०० फॅरनहाइट) बारा ते पंधरा मिनिटं. मग काढून तापमान बघा आणि सुटलेली चरबी व पाणी एका कोपऱ्यातून ओतून टाका. थोडं राहू द्या, पूर्ण कोरडं नको. फॉइल उघडताना तोंड लांब ठेवा, वाफ भाजते.

आता चीज हवं त्यांच्या पॅटीवर चीज, मग पावाचा खालचा भाग, त्यावर वरचा. होय, दोन्ही एकावर एक, पॅटीच्या डोक्यावर. पुन्हा फॉइल, चार मिनिटं. उचलताना वरचा भाग बाजूला काढायचा, उलथन्याने कांद्यासकट पॅटी आणि तिच्यावरचा पाव उचलून उलटा करायचा. खाली पाव, मध्ये मांस, वर कांदा. त्यावर डिल पिकलची (शेपू घातलेल्या आंबट काकडीची) एक चकती, आणि टोपी म्हणून पावाचा वरचा भाग. चकती एकच. लेट्यूस, टोमॅटो अजिबात नको, दोन्ही पाणी सोडतात.

चीज साधं अमेरिकन प्रोसेस्ड, पातळ काप. त्यात मिसळलेल्या क्षारांमुळे ते तेल न सोडता एकसंध वितळतं. जुनं चेडर तितकंच तापलं की फुटतं, तेल वेगळं आणि दाणे वेगळे. काप चौकोनी असतो, चार तुकडे केले की चार स्लायडर झाले.

वेळेबद्दल: पॅटी कापून, बटर पेपर मध्ये घालून आदल्या दिवशी फ्रीझरमध्ये टाकून द्या. शनिवारी पहिला ट्रे पावणेसातला, दुसरा साडेसातला, कारण चिकन नि शाकाहारी धरून तुम्हाला चोवीसपेक्षा जास्त लागणारच आहेत. पोरं तीन-तीन खातात. तयार झालेले चार-चारच्या गठ्ठ्यात फॉइलमध्ये गुंडाळून ९५ सेल्सियसच्या (२०० फॅरनहाइट) ओव्हनमध्ये अर्धा तास आरामात राहतात. ओव्हन एकच आहे, तेव्हा दुसरा ट्रे आत असताना हे गठ्ठे एखाद्या थर्मल पिशवीत किंवा रिकाम्या कूलरमध्ये ठेवा. गुंडाळल्याने ते बिघडत नाहीत, उलट सुधारतात. दुकानातला स्लायडर कागदी खोक्यात वाफ धरूनच हातात येतो.

---

जुनी_पाटी

थोडं अवांतर. व्हाइट कॅसल सुरू झालं १९२१ मध्ये, कॅन्ससमधल्या विचिटात, वॉल्टर अँडरसन आणि बिली इंग्रम यांनी. बर्गर पाच सेंटला. त्या काळी खिम्याबद्दल लोकांना भारी संशय होता, त्यात काय काय दळलेलं असेल म्हणून. त्यामुळे पांढऱ्या भिंती, चकचकीत स्टील, आणि गिऱ्हाइकासमोरच रांधणं. नावातलं "व्हाइट" त्या स्वच्छतेचंच. आपण घरी वाफाळ यांच्या कृतीने करतो तेव्हा खिम्यात काय आहे हे तरी नक्की माहीत असतं.

पूर्वेकडे न्यू जर्सीत हॅकेन्सॅकला व्हाइट मॅना आहे, तिथे ताजा कांदा आणि बटाट्याचा पाव. तवा_तापला यांना कदाचित तेच आवडेल, तिथे मांस तव्यावर दाबतातही.

---

तवा_तापला

आवडतंच. म्हटलं ना मतभेद कायम.

---

दक्षिणेची_वाट

मोहरीचं कोणी नावच काढलं नाही! टेनेसीच्या चॅटनूगात १९३२ साली सुरू झालेल्या क्रिस्टलचा छोटा चौकोनी बर्गर खाल्लेल्या माणसाला विचारा. पाव तसाच वाफाळलेला, कांदा, पिकल, आणि पिवळी मोहरी. ती रेघ नसली तर सगळं गोडुस मिळमिळीत लागतं. पोटोबा, निदान एक ट्रे तरी मोहरीचा करा.

---

वाफाळ

मोहरी टेबलावर ठेवा, ज्याला हवी तो घेईल. ट्रेमध्ये नको.

---

सामिष_निरामिष

आणि उरले तर पिकल काढून एकेक फॉइलमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये टाका. खाताना फॉइल काढायची, ओल्या पेपर टॉवेलमध्ये गुंडाळायचं, मायक्रोवेव्हमध्ये साधारण एक मिनिट. पिकल नंतर ताजं घाला.

---

पोटोबा

मुलाला मोहरी आणि केचपबद्दल विचारलं. म्हणाला दोन्ही, आणि चीज दोन काप. बाजारहाटाची यादी करून ठेवली आहे, वाळवलेला कांदा दोन डब्या घेतो. कणीक_आणि_यीस्ट, ब्रेडच्या पिठाऐवजी साधा मैदा चालेल का?

---

कणीक_आणि_यीस्ट

चालेल. दूध वीस मिली कमी करा आणि मळायला कंटाळू नका.