चर्चा: जेरी स्प्रिंगरची वकिली त्याच्या शोमध्ये कुठे दिसते?

मृणाल_व
अमेरिकन टीव्हीवरच्या टॉक शोचा सूत्रधार जेरी स्प्रिंगर म्हटलं की खुर्च्या फेकणारे पाहुणे आणि 'जेरी! जेरी!' असा गजर करणारे प्रेक्षक एवढंच आठवतं. पण हा माणूस १९६८ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून कायद्याची पदवी घेऊन ओहायोतल्या सिनसिनाटीत वकिली करायला आला होता. १९७१ मध्ये नगरसेवक, १९७७ मध्ये तेहतिसाव्या वर्षी महापौर, मग स्थानिक वाहिनीवर राजकीय भाष्यकार आणि वृत्तनिवेदक. सप्टेंबर १९९१ मध्ये सुरू झालेला टॉक शो २०१८ पर्यंत चालला.

'वकिली सोडून तमाशाकडे वळला' हे त्याच्याबद्दलचं ठरलेलं वाक्य मला चुकीचं वाटतं. शोची रचना नीट बघा. आधी एक पक्ष येतो, आपली कैफियत मांडतो आणि प्रेक्षक त्याच्या बाजूने झुकतात. दुसरा पक्ष तोवर आत, ऐकू जाणार नाही अशा ठिकाणी. तो बाहेर आला की पारडं फिरतं. मधे उभा असलेला माणूस कोणाचीच बाजू घेत नाही, आवाज चढवत नाही, छोटे आणि सरळ प्रश्न विचारतो. ही शिस्त वकिलाची आहे. म्हणूनच शोच्या परिणामांची जबाबदारीही त्याच्यावर इतर सूत्रधारांपेक्षा जास्त येते, असं माझं मत.

शंतनू डी
अजिबात पटलं नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर माहीत नाही तो साक्षीदाराला विचारायचा नाही, हा उलटतपासणीचा पहिला धडा. स्प्रिंगरच्या हातात काय असायचं? पाहुण्यांची नावं लिहिलेलं एक कार्ड. कोण कोणतं गुपित फोडणार हे त्याला मुद्दाम सांगितलं जात नसे. ते त्याने स्वतः अनेकदा सांगितलं आहे. म्हणजे वकील जे टाळतो नेमकं तेच तिथे रोज चालायचं.

त्याची खरी शाळा न्यूजरूम. सिनसिनाटीच्या डब्ल्यूएलडब्ल्यूटी या वाहिनीवर तो बातम्यांमध्ये भाष्य करायचा, आणि टॉक शोच्या शेवटी तो चार शब्द बोलायचा तो 'फायनल थॉट' त्या भाष्याचाच वारस आहे. शोचे सुरुवातीचे भागही गंभीर होते. ऑलिव्हर नॉर्थ, जेसी जॅक्सन अशी राजकारणात गाजलेली माणसं पाहुणे, बेघरांचा प्रश्न वगैरे. रेटिंग मिळेना. १९९४ मध्ये रिचर्ड डॉमिनिक निर्माता म्हणून आला. त्याची कसोटी अशी की आवाज बंद करून पाहिलं तरी प्रेक्षक खिळला पाहिजे. जिथे आवाजच नको, तिथे युक्तिवादाला कुठली जागा?

मृणाल_व
शंतनू, ते कार्ड माझ्याच बाजूचा पुरावा आहे. पाहुण्याचं काही बरंवाईट झालं तर पहिला प्रश्न येतो, 'तुम्हाला आधी काय माहीत होतं?' सूत्रधाराला काहीच माहीत नसणं हे पडद्यावर ताजं दिसतं आणि अडचणीच्या वेळी ढाल म्हणूनही उपयोगी पडतं. अशी व्यवस्था कायदा शिकलेल्या माणसाला न कळता चालते, हे मला मान्य नाही.

दप्तरदार
पाहुणे कसे आणायचे ते माहीत असेल तर चर्चा नेमकी होईल. पडद्यावर फोन नंबर दाखवला जायचा आणि लोक स्वतः फोन करायचे. साहाय्यक निर्माता उलट फोन करून प्रत्येकाशी वेगवेगळं बोलायचा. जुळलं की विमानाचं तिकीट आणि हॉटेल. स्टुडिओत पक्ष वेगवेगळ्या खोल्यांत, म्हणजे गुपित आधीच फुटत नाही. ज्याला 'धक्का' मिळणार त्याच्यापुढे संभाव्य गौप्यस्फोटांची यादी ठेवायची: जोडीदाराचे दुसऱ्याशी संबंध आहेत, लग्न मोडायचं आहे, वगैरे. यातलं काही चालणार नाही म्हणालात तर तुम्हाला घेत नसत. मग संमतीपत्रावर सही.

गोची इथेच आहे. यादी लांबलचक असली की माणूस प्रत्येक शक्यतेला 'चालेल' म्हणतो, कारण त्याच्या मनात चांगली बातमीच असते. कागदावर संमती पक्की, माणूस मात्र बेसावध. उलट पाहुण्यानेच फसवलं तर शो कोर्टात जायला कचरत नव्हता. १९९५ मध्ये कॅनडाच्या काही विनोदी कलाकारांनी खोटी कहाणी रचून भाग घेतला, तेव्हा त्यांच्यावर दावा ठोकला गेला.

गार्गी_एस
दप्तरदार, तुम्ही कामाचं बोललात. आता पुढचं टोक. १९९५ मध्ये 'जेनी जोन्स' या दुसऱ्या शोमध्ये एका पुरुषाने दुसऱ्यावरचं प्रेम उघड केलं आणि तीन दिवसांनी त्या दुसऱ्याने त्याचा खून केला. १९९९ मध्ये ज्युरीने शोच्या मालकांना अडीच कोटी डॉलरहून जास्त भरपाईचा आदेश दिला. २००२ मध्ये मिशिगनच्या अपील न्यायालयाने तो फिरवला, कारण पाहुणा स्टुडिओतून घरी गेल्यावर दुसऱ्याने केलेल्या गुन्ह्यापासून त्याला वाचवण्याचं कायदेशीर कर्तव्य शोवर नाही.

या दोन निकालांच्या मधे, जुलै २००० मध्ये, स्प्रिंगरच्या शोमध्ये येऊन गेलेल्या एका स्त्रीचा फ्लोरिडात खून झाला. भाग प्रसारित झाला त्याच दिवशी. गुन्हेगार तिचा घटस्फोटित नवरा, जो नव्या बायकोसह त्याच भागात होता. १९९५ चं उदाहरण समोर असताना काय करता आलं असतं? प्रत्येक पाहुण्याविरुद्ध घरगुती हिंसाचाराची तक्रार किंवा कोर्टाचा मनाई आदेश आहे का, हे तिकीट काढण्याआधी तपासणं. प्रक्षेपणाची तारीख दोन्ही बाजूंना आधी कळवून त्या दिवशी फोन करणं. धोका वाटला तर भागच न दाखवणं. यात अवघड काय आहे? कायदा जे करायला लावत नाही तेही करावं लागतं, हे वकिलाला सांगायची वेळ यावी याचा मला राग आहे.

विनय_पाठक_
गार्गीताई, तपासणीबद्दल शंभर टक्के सहमत. पण सगळं खापर एका माणसावर फोडू नका. निर्मिती कंपनी होती, वाहिन्या होत्या, जाहिरातदार होते.

आणि दुसरी बाजू. पैसेवाल्यांचे घटस्फोट मुलाखतीत आले की त्याला प्रांजळपणा म्हणतात, ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या स्वस्त घरात, राहणारी बाई तेच बोलली की असभ्यता. स्प्रिंगर पाहुण्यांना तुच्छ लेखत नसे, आणि याचं मूळ १९७४ मध्ये आहे. नगरसेवक असताना त्याने वेश्येला पैसे दिल्याचं उघड झालं, तेही स्वतःच्या सहीच्या चेकने. त्याने राजीनामा दिला, जाहीर कबुली दिली आणि १९७५ मध्ये लोकांनी त्याला पुन्हा निवडून दिलं. १९८२ मध्ये ओहायोच्या गव्हर्नरपदासाठी पक्षांतर्गत निवडणूक लढवताना त्याने जाहिरातीत तो प्रसंग स्वतःच मांडला. हरला, पण लपवलं नाही. चारचौघांत लाज निघणं म्हणजे काय हे त्याला ठाऊक होतं.

शंतनू डी
विनय, त्याला ठाऊक होतं म्हणूनच प्रश्न जास्त टोकदार होतो. कबुली कधी आणि कुठल्या शब्दांत द्यायची हे त्याने स्वतः ठरवलं. शोमधल्या पाहुण्याला ती सोय नव्हती.

मृणाल, तुमचा एक मुद्दा मात्र घेतो. १९९९ मध्ये, शो जिथे चित्रित व्हायचा त्या शिकागोच्या नगरपरिषदेने त्याला मारामाऱ्यांबद्दल बोलावलं. पेच साधा होता. मारामारी खरी असेल तर तो हल्ल्याचा गुन्हा, मग अटक का नाही? आणि लुटुपुटूची असेल तर प्रेक्षकांची फसवणूक. मंचावर सुरक्षाप्रमुख स्टीव्ह विल्कोस आणि त्याचे रक्षक उभे असत, पण ते दोन-चार फटके बसले की मग मधे पडत. त्याआधी १९९८ मध्ये मालक कंपनीने हिंसा कापून टाकू असं जाहीर केलं होतं, तरी हा पेच उरलाच. इथे मात्र वकिलाचं डोकं कामी आलं असणार.

दप्तरदार
मग 'जज जेरी' हा त्याचा टीव्हीवरच्या कोर्टाचा कार्यक्रम विसरू नका, २०१९ ते २०२२. तो कधीच न्यायाधीश नव्हता, आणि अशा कार्यक्रमाला ते लागतही नाही. अमेरिकेतले टीव्हीवरचे कोर्ट म्हणजे कायद्याच्या भाषेत लवाद. किरकोळ दाव्यांच्या कोर्टातले खरे पक्षकार शोधतात, ते तिथला दावा मागे घेतात, लवादाचा निर्णय बंधनकारक मानायचा करार करतात, आणि रक्कम सहसा निर्मितीच्या खर्चातून दिली जाते. त्यामुळे हरणाऱ्याच्या खिशाला चाट नाही, म्हणून तो यायला तयार होतो. या शोमध्ये त्याला कागद आधी वाचावे लागत, पावत्या आणि मेसेज तपासावे लागत, कारण निकाल द्यायचा होता. तो पंचाहत्तरीत होता आणि मला तिथे तो जास्त रमलेला दिसतो. मृणाल, तुम्हाला त्याची वकिली शोधायची असेल तर १९९८ चे भाग सोडून हे बघा.