महिला गटाची फायनल दुपारी अडीचलाच का?

कोपरारक्षक:
परवा आमच्या तालुक्यात निमंत्रितांची कबड्डी स्पर्धा झाली, नाव सांगत नाही कारण हे बऱ्याच ठिकाणी असंच चालतं. पुरुष गटाला पहिलं बक्षीस १ लाख, महिला गटाला ३५ हजार. बरं ते सोडा. महिलांची फायनल दुपारी अडीचला भर उन्हात, बघायला कोण तर पोरींचे भाऊ आणि मंडपवाले. पुरुषांची रात्री साडेनऊला, लाईट, डीजे, सगळा थाट. आणि मग स्टेजवरून माईकवर सांगणार की महिला कबड्डीला पब्लिक येत नाही हो! पुरुषांची अडीचला ठेवून बघा की किती येतंय. बक्षिसाचं नंतर बोलू, आधी टाइम बदला.

पावतीपुस्तक:
दादा बोलायला काय जातंय. मी आमच्या मंडळाच्या स्पर्धेचा हिशोब बघतो. स्पॉन्सर तोंडावर सांगतो की माझा बॅनर रात्रीच्या मॅचला दिसला पाहिजे. पुरुषांचे संघ नको म्हणायची वेळ येते आणि महिलांचे आठ आले तरी नशीब, त्यातले दोन ऐनवेळी दांडी मारतात. वर अंधार पडला की मुलींच्या घरून फोन चालू, कधी सोडताय म्हणून. दुपारी ठेवतो ते त्यांच्याच सोयीसाठी, यात भेदभाव कुठे आला?

मॅटवरची ताई:
सोय हा शब्द तुम्ही काढलाच आहे तर ऐका. मी स्वतः खेळलेय आणि आता मुलींना शिकवते. स्पर्धेला गेलं की राहायला शाळेचा वर्ग, बाथरूमला कडी नाही, कपडे बदलायचे तर दोघींनी चादर धरायची. याची सोय कुणाला सुचत नाही, दुपारच्या मॅचची बरोबर सुचते. उशीर होतो ना, मग गाडी करा. लांबच्या पुरुष संघाला रात्री एकला जीप करून देता तेव्हा हिशोब बसतोच की. आणि पालकांचं म्हणाल तर माझ्या मुली पहाटे साडेपाचला अंधारातच ग्राउंडवर येतात.

बंड्या:
ताई रागावू नका पण महिलांच्या खेळाला स्पीड नाही राव. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८. पुरुषांची मॅच २०-२० मिनिटं, महिलांची १५-१५. कमी खेळ कमी पैसा, साधं गणित. २०२३ ला प्रो कबड्डी लीगमध्ये पवन सेहरावतवर अडीच कोटींच्या वर बोली लागली ती लोक बघतात म्हणूनच ना? महिलांची पण २०१६ ला प्रो कबड्डीसोबत वुमेन्स कबड्डी चॅलेंज काढली होती, कुठे गेली ती?

कोपरारक्षक:
१५-१५ मिनिटं काय पोरींनी अर्ज करून मागितली होती का? नियम तुम्हीच करायचे आणि परत त्याच नियमाने पैसे कापायचे. आणि ती चॅलेंज म्हणजे तीन टीम, एक सीझन, संपलं. पुरुषांची लीग २०१४ पासून टीव्हीवर आहे, बघून बघून लोकांना सवय लागली, सेहरावत काय पहिल्याच वर्षी स्टार झाला नाही. २०१२ ला पाटण्यात महिलांचा पहिला वर्ल्ड कप आपण जिंकला, त्यात सुवर्णा बारटक्के, अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ अशा तिघी आपल्या महाराष्ट्राच्या. वर्ल्ड कप जिंकून स्टेडियममधून रिक्षाने जायची वेळ आली होती त्या टीमवर.

पावतीपुस्तक:
आणि त्याच तिघींना राज्य सरकारने एक एक कोटी जाहीर केले ते पण लिहा की.

गोदाकाठ:
जिंकल्यावर सत्कार करायला सगळेच पुढे असतात हो, प्रश्न आधीचा आहे. आमच्या नाशिकच्या शैलजा जैन घ्या. आयुष्य मुलींना कबड्डी शिकवण्यात गेलं, आणि शेवटी मोठी टीम हातात दिली कुणी तर इराणने. २०१८ ला जकार्त्यात त्याच इराणने एशियाडच्या फायनलला भारताला २७-२४ ने हरवलं. आपल्या मुलींचं गोल्ड आपल्याच बाईने नेलं, मला तर वाईट वाटावं की अभिमान हेच कळेना. महिला टीमला बाई कोच असावी हे आपल्याकडे किती जणांच्या डोक्यात येतं? पंच, निवडसमिती, स्टेज, सगळीकडे आपलेच काका.

बंड्या:
क्रिकेटमध्ये बघा ना, २०२२ ला मॅच फी सारखी केली, टेस्टला १५ लाख दोघांना. पण कॉन्ट्रॅक्ट? महिलांना वरच्या ग्रेडला ५० लाख, पुरुषांना ७ कोटी होते. बीसीसीआयला पण शेवटी धंदा कळतो.

मॅटवरची ताई:
धंद्याचंच बोल. नोव्हेंबर २०२५ ची महिला क्रिकेट वर्ल्ड कपची डी वाय पाटील स्टेडियमवरची फायनल बघितलीस ना? पावसाने दोन तास उशिरा सुरू, संपायला मध्यरात्र, तरी स्टेडियम भरलेलं. बायकांची मॅच रात्री कोण बघणार म्हणणारे त्या दिवशी कुठे होते?

पावतीपुस्तक:
ताई, वर्ल्ड कपची फायनल कुठे आणि आमचं तालुक्याचं मैदान कुठे.

मॅटवरची ताई:
मग पुरुषांना बक्षीस देताना प्रो कबड्डीचा दाखला कशाला? तो तरी तालुक्यातला आहे का?

कोपरारक्षक:
😄 पावतीपुस्तक, एक वर्ष करून तर बघा. महिला फायनल साडेआठला आणि लगेच पाठोपाठ पुरुषांची. पब्लिक आलेलंच असतं, उठून कुठे जाणारे?

पावतीपुस्तक:
मीटिंगला विषय काढतो. पण एक अडचण आहे, साडेआठला आमदारसाहेबांचा सत्कार असतो, तो कधी ठेवायचा?

मॅटवरची ताई:
दुपारी अडीचला.