आठ फुटांवरचा पट चुकला म्हणून पटर आपटणाऱ्यांसाठी

बोगीबहाद्दर

शनिवार-रविवारी पहाटे उठून गोल्फ खेळणाऱ्या आपल्या हौशी जमातीचा एक विचित्र स्वभाव आहे. ड्राइव्ह, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवरून (टी) मारलेला पहिला लांब फटका, झाडीत गेला की आपण हसतो, "आज अंग मोकळं नाही" म्हणतो आणि दुसरा बॉल काढतो. पण आठ फुटांवरचा पट, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावरून (ग्रीन) पटर नावाच्या काठीनं होलकडे लोटलेला बॉल, होलच्या कडेनं निघून गेला की चेहरा उतरतो, पटर बॅगेवर आदळतो आणि पुढच्या टीपर्यंत बॅग वाहणाऱ्या कॅडीशीसुद्धा कुणी बोलत नाही.

माझा प्रश्न एवढाच, की तो पट पडायलाच हवा होता हे आपल्याला सांगितलं कुणी?

कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी पीजीए टूरच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेच्या, फटक्यांच्या अफाट नोंदी चाळून काढल्यात. पटिंग मोजायची त्यांची पद्धत टूरनं २०११ पासून स्वीकारली. त्यांच्या आकड्यांनुसार टूरवरचे व्यावसायिक आठ फुटांवरून निम्मेच पट घालतात. दहा फुटांवरून ४० टक्के, वीस फुटांवरून १५ टक्के. ही पोट भरण्यासाठी खेळणारी माणसं, रोज तासन्‌तास सराव करणारी, गालिच्यासारख्या ग्रीनवर. अठरा होलला नव्वदच्या आसपास फटके घेणारा हौशी माणूस आठ फुटांवरून २७ टक्के घालतो, म्हणजे चारात जेमतेम एक. त्याचा निम्मे-निम्मेचा पल्ला पाच फुटांचा. आणि नव्वद म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांना लांबचंच.

मग अपेक्षा येते कुठून? टीव्हीवरून. रविवारी संध्याकाळी आपल्याला दिसतात ते आघाडीवरचे चार-पाच जण, आणि ते आघाडीवर असतात कारण त्या आठवड्यात त्यांचे पट पडत असतात. ज्यांचे पडले नाहीत ते शुक्रवारीच कट चुकवून, म्हणजे पहिल्या दोन दिवसांनंतर बाद होऊन, विमानात बसलेले असतात. त्यांचे पट कोण दाखवणार?

म्हणून म्हणतो, चार फुटांच्या आतला पट चुकला तर वाईट वाटून घ्या. पंधरा-वीस फुटांच्या पलीकडे फक्त अंतर सांभाळा, दोनात संपवा आणि पुढे चला. मधला जो पट्टा आहे तिथे पडला तर नशीब, नाही पडला तर नेहमीचंच. डोकं शांत राहिलं की पुढचा होल तरी वाचतो.

शॉर्टगेम_सुहास

साफ असहमत. आकडे बरोबर आहेत, पण त्यातून काढलेला अर्थ आळशी आहे.

नव्वदवाला पाच फुटांवरून निम्मे चुकतो हा काही निसर्गनियम नाही. सरावाच्या रेंजवर बादलीभर बॉल ड्रायव्हर या सगळ्यात लांब काठीनं बडवायचे आणि टी-टाइमच्या आधी पाच मिनिटं पटिंग ग्रीनवर उभं राहायचं, त्याचा हा हिशेब. क्लबात कुणालाही विचारा, शेवटचा तासभर फक्त पटिंग कधी केलं होतं? बहुतेक जण विषय बदलतील.

टोकियो ऑलिंपिक आठवा. ७ ऑगस्ट २०२१ ला सकाळी सकाळी अर्धा देश टीव्हीसमोर होता, त्यातल्या निम्म्यांना बर्डी (होलच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी) म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. आपल्या आदिती अशोकचा टी-शॉट अमेरिकेच्या नेली कोर्डाच्या कितीतरी मागे पडत होता. तरी ती चार दिवस पदकाच्या शर्यतीत राहिली ती पटरच्या जिवावर. "आठ फुटांवरून निम्मेच पडतात" असं मनाशी धरून कुणी तसं पट करत नाही.

आणि एक अनुभवाची गोष्ट. "नाही पडला तर नेहमीचंच" म्हणत मारलेला पट होलच्या अलीकडेच राहतो. जो पोचलाच नाही तो पडणार कुठून?

बोगीबहाद्दर

सुहासराव, आदितीचं उदाहरण तुम्ही दिलंत, पण ते माझ्याच बाजूनं बोलतंय. शेवटच्या होलवर बर्डीचा पट होता. पडला असता तर ती लिडिया को आणि मोने इनामीच्या बरोबरीला आली असती. नाही पडला. एका फटक्यानं पदक गेलं, चौथी आली. त्या आठवड्यात तिथे तिच्याहून चांगलं पट करणारं कुणी नव्हतं म्हटलं तरी चालेल, आणि तिचाही चुकला. मग आपण कोण?

सराव करू नका असं मी कुठे म्हटलंय?

नवखा_नाशिककर

मी अजून शिकतोय, एक प्रामाणिक शंका. बॉलसमोर उभा राहिल्यावर मनात नेमकं काय आणायचं? "हा २७ टक्के पडणार"? तसं म्हणून हात हलेल का?

मृणाल_सी

नाशिककर, या धाग्यात कामाचा प्रश्न पहिल्यांदा तुम्हीच विचारलात.

टक्केवारी ही खेळ संपल्यावर चहा पिताना आठवायची गोष्ट. बॉलवर उभं असताना मनात दोनच गोष्टी हव्यात: कुठल्या रेषेनं आणि किती जोरात. पडेल का, हा तिसरा प्रश्न आत शिरला की खांदे आखडतात आणि बॉल निघायच्या आधीच मान वर होते. सुहास आणि बोगीबहाद्दर दोघंही त्या तिसऱ्या प्रश्नावरच भांडताहेत. एक म्हणतो "पडेल" धरा, दुसरा म्हणतो "नाही पडणार" धरा. मी म्हणते काहीच धरू नका.

दुसरं असं की हे आकडे टूरच्या ग्रीनचे आहेत. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बर्म्युडा गवत, त्याला स्वतःचा कल असतो. होलच्या कडेकडे वाकून नीट बघा. एका बाजूची कड कातरल्यासारखी स्वच्छ असते, दुसऱ्या बाजूची विस्कटलेली, तपकिरी. गवत त्या विस्कटलेल्या बाजूकडे झुकलेलं असतं. त्या दिशेनं मारलेला बॉल पळतो, उलट मारलेला अडतो. पावसाळ्यात तर ग्रीन इतकी संथ होते की तोच पट दीडपट जोरानं मारावा लागतो, आणि दिवाळीनंतर त्याच जोरात मारला तर बॉल ग्रीनच्या बाहेर. अशा ठिकाणी टूरवाल्याशी तुलना कशाला?

आता माझं निरीक्षण. आपले चुकलेले पट बघा, दहातले आठ तरी उताराच्या खालच्या बाजूनं जातात. म्हणजे वळण आपण कमी धरतो. कॅडी सांगतो, "मॅडम, दोन कप डावीकडनं, उतार हाय." कप म्हणजे होलची रुंदी. आपण मान डोलावतो, एकच कप धरतो आणि मारताना तोही अर्धा करतो. बॉल खालून गेला की कॅडी दुसरीकडे बघतो. खालच्या बाजूनं गेलेल्या बॉलला होलमध्ये पडायची शक्यताच नसते, वरच्या बाजूचा निदान घरंगळत येऊ शकतो. यात अपेक्षेचा काय संबंध? तुम्ही चुकीच्या रेषेवर मारलात, एवढंच.

शॉर्टगेम_सुहास

मृणालताई, खालच्या बाजूबद्दल शंभर टक्के मान्य. पण "काहीच धरू नका" हे सांगायला सोपं. ज्याच्यावर पाचशे रुपयांचा नासाव, म्हणजे पैज, लागलाय त्याला सांगून बघा.

फाइफचे_काका

मी गेली बरीच वर्षं स्कॉटलंडात आहे, सेंट अँड्रूज घरापासून लांब नाही. तुम्हा सगळ्यांचं वाचून एक गोष्ट खटकली, ती म्हणजे गिमीचा, म्हणजे जवळचा पट न मारताच पडला असं मानून सोडण्याचा, विषय अजून कुणीच काढला नाही. रोगाचं मूळ तिथे आहे.

पुण्या-मुंबईत सुट्टीवर आलो की मित्रांबरोबर खेळतो. बॉल होलपासून पटरभर अंतरावर आला की चौघांपैकी कुणीतरी म्हणतो, "उचल रे." पटरभर म्हणजे पकडीपासून टोकापर्यंत, जवळजवळ तीन फूट! तीन फुटांवरून आपण कधी चुकत नाही असं या मंडळींना मनापासून वाटतं, कारण तीन फुटांवरून ते कधी मारतच नाहीत. ब्रॉडींच्याच तक्त्यात नव्वदवाला तीन फुटांवरून सोळा टक्के वेळा चुकतो. मग वर्षातून एकदा क्लबची स्पर्धा येते, तिथे प्रत्येक बॉल होलात घालावा लागतो, आणि पहिल्याच ग्रीनवर अडीच फुटांवर हात थरथरतो.

डग सँडर्सची गोष्ट इथे प्रत्येक पबमध्ये ऐकायला मिळते. १९७०ची ब्रिटिश ओपन, सेंट अँड्रूजच्या ओल्ड कोर्सचा अठरावा होल, अडीच-तीन फुटांचा पट घातला की विजेता. वाकून रेषेवरचं काहीतरी उचलायला गेला, परत उभा राहिला, आणि उजवीकडून चुकला. दुसऱ्या दिवशी बरोबरी तोडायच्या प्लेऑफमध्ये जॅक निकलसनं हरवलं.

गिमी वाईट नाही, तिची जागा मॅचप्लेमध्ये, म्हणजे एकेक होल जिंकायच्या खेळात, आहे. १९६९च्या रायडर कपात, म्हणजे अमेरिका आणि ब्रिटनच्या संघांमधल्या लढतीत, निकलसनं ब्रिटनच्या टोनी जॅकलिनला शेवटचा दोनेक फुटांचा पट सोडला आणि सामना १६-१६ असा बरोबरीत सुटला. त्याच्याच संघातले काही जण त्याच्यावर चिडले होते, कप्तान स्नीडसकट. पण ते मोठेपण होतं. आपल्याकडे सोडतात ते नाश्ता थंड होतोय म्हणून.

बोगीबहाद्दर

काका, तीन फुटांचं तुमचं म्हणणं मान्य, पण ते माझ्या विरोधात नाही. गिमीमुळे अपेक्षा फुगते, हेच तर म्हणतोय मी.

पटरवाला_डॉक्टर

थोडं वेगळं सांगतो. छोटा पट चुकणं आणि छोट्या पटची भीती बसणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरीला यिप्स म्हणतात. मेयो क्लिनिकमधल्या संशोधकांनी त्याचे दोन प्रकार मानलेत: एकात स्नायूंचं नियंत्रणच बिघडतं, दुसऱ्यात दडपणानं हात गोठतो. पहिल्या प्रकाराला "मन खंबीर ठेव" सांगून उपयोग शून्य. जर्मन गोल्फपटू बर्नहार्ड लँगरला हा त्रास पुन्हा पुन्हा झाला. त्यानं पकडी बदलल्या, पटर बदलले, आणि तरी १९८५ आणि १९९३ अशी दोनदा मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकली. १९९१च्या रायडर कपात सहा फुटांचा शेवटचा पट त्याच्याकडून चुकला, पण तो यिप्स नव्हता. सहा फूट होता तो! टूरवाले तिथून तिनात एक चुकतातच.

रोरी मॅकलरॉयचं बघा. २०२४ची यूएस ओपन, पाइनहर्स्ट. त्या मोसमात तोवर तीन फुटांच्या आतले ४९६ पट, सगळेच्या सगळे घातलेले. सोळाव्या होलवर अडीच फुटांचा चुकला. अठराव्यावर पावणेचार फुटांचा चुकला. ब्रायसन डीशँबो एका फटक्यानं जिंकला. पुढच्या एप्रिलमध्ये ऑगस्टाला मास्टर्समध्ये अठराव्यावर पुन्हा पाचेक फुटांचा चुकला, प्लेऑफ खेळावा लागला, आणि तो त्यानं जिंकला. पाइनहर्स्टनंतर "आपला पट पडतच नाही" असं त्यानं धरलं असतं तर? सुहास म्हणतात तशी जिद्द त्याच्याकडे होतीच. पण चुकलेला पट मागे सोडून पुढच्या टीवर जाणंही होतं, आणि ते बोगीबहाद्दर सांगताहेत. मला यात भांडण दिसत नाही.

शॉर्टगेम_सुहास

डॉक्टर, तुम्ही मध्यस्थी करायला आलात, पण भांडण आहे. बोगीबहाद्दर म्हणतात, चार ते पंधरा फूट हा नशिबाचा पट्टा. मी म्हणतो, हौशी माणसाला फटके वाचवायला जागा आहे ती तिथेच. ड्राइव्ह वीस यार्डांनी वाढवायला वय आडवं येतं, कंबर आडवी येते. सहा फुटांच्या पटला काय आडवं येतं? घरातल्या फरशीच्या सांध्यावर बॉल ठेवा, सांध्यावरून सरळ सहा फूट लोटा, भिंतीपर्यंत सांधा सोडता कामा नये. रोज रात्री जेवण झाल्यावर. बायको हसेल, हसू द्या. होल सव्वाचार इंचांचा, बॉल १.६८ इंचांचा. अडीच बॉल शेजारी शेजारी मावतील एवढी जागा आहे, आणि तुम्ही तिला नशीब म्हणता!

मृणाल_सी

अडीच बॉलची जागा बॉल हळू पोचला तरच मिळते. वेगात आला की कडेला लागून बाहेर, मग होल जेमतेम बॉलएवढाच उरतो. पटिंगचे प्रशिक्षक डेव्ह पेल्झ सांगायचे, चुकला तर बॉल होलच्या १७ इंच पुढे थांबेल इतका जोर ठेवा. उतारावर मला तेही जास्त वाटतं. तुमची फरशी रेषा शिकवेल, जोर शिकवणार नाही. फरशीवर बॉल कुठल्याही ग्रीनपेक्षा जास्त पळतो.

नवखा_नाशिककर

म्हणजे मी आता फरशीवर सराव करू की नको?

शॉर्टगेम_सुहास

करा.

मृणाल_सी

करा, पण त्यानंतर ग्रीनवर जाऊन वीस, तीस, चाळीस पावलांवरून नुसतं होलजवळ थांबवायचं तेवढंच करा. होलमध्ये घालायचं नाहीच. नव्वदवाल्याला एका होलला तीन पट मारावे लागतात ते बहुतेक पहिला पट सहा-आठ फूट लांब राहिला म्हणून. दुसरा चुकला की शिव्या दुसऱ्याला पडतात, गुन्हा पहिल्याचा.

बोगीबहाद्दर

ही मात्र मी वहीत लिहून ठेवतो. सुहासराव, येत्या रविवारी आपण एकाच फोर-बॉलमध्ये, म्हणजे चौघांच्या गटात, आहोत. काकांच्या म्हणण्याप्रमाणे गिमी पूर्ण बंद. चार ते पंधरा फुटांमधले तुमचे किती पडतात ते कॅडी मोजेल. निम्मे पडले तर नाश्ता माझा.

शॉर्टगेम_सुहास

निम्मे टूरवाल्यांचेसुद्धा पडत नाहीत, आकडे तुम्हीच दिलेत वर. एक तृतीयांश ठेवा.

बोगीबहाद्दर

बरं, एक तृतीयांश. पण आता अपेक्षा कमी कोण करतंय ते वाचणाऱ्यांनी बघून घ्यावं.

शॉर्टगेम_सुहास

सात वाजता पहिल्या टीवर या, बोलू.