कामठी रोडवरचा आमचा जुना पेट्रोल पंप: पाडण्याआधी काय काय नोंदवून ठेवू?

धरमपेठची_नात:

नमस्कार. नागपूरला कामठी रोडवर माझ्या आजोबांचा पेट्रोल पंप होता. बंद पडून तीसेक वर्षं झाली. आता जागा विकली आहे, दिवाळीनंतर ताबा द्यायचा आणि घेणारे सगळं सपाट करणार. त्यांचा तो हक्कच आहे. पण ती इमारत अशीच मातीत जाऊ द्यायला माझं मन तयार नाही.

इमारत म्हणजे बारा बाय दहाची एकच खोली, पुढचे दोन्ही कोपरे गोल. खोलीवरचा स्लॅब तसाच पंधरा फूट पुढे येऊन दोन गोल खांबांवर टेकलाय. स्लॅबच्या कडेला सिमेंटमध्येच ओढलेल्या तीन आडव्या रेघा आहेत. गाडी खोली आणि खांबांच्या मधून आत यायची नि दुसऱ्या बाजूनं रस्त्याला लागायची. मे महिन्यात आम्ही पोरं त्या सावलीत फरशीवर पोट टेकून पडायचो, इतकी ती गार असायची.

डाव्या खांबापाशी हातपंप अजून उभा आहे. माणसाहून उंच, वर दोन काचा. एक शाबूत आहे, फुटलेलीत गांधीलमाशांनी पोळं केलंय. आत भिंतीवर भावफलक रंगवलेला आहे, रुपये-आणे-पै मध्ये.

हे बांधकाम साधारण कधीचं असेल? हातपंप नेमका चालायचा कसा? आणि काय वाचवावं, कशाचं नुसतं माप घेऊन ठेवावं?

रामदासपेठ_आर्किटेक्ट:

भावफलकावरून एक बाजू पक्की होते. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले, म्हणजे फलक त्याआधीचा आणि खोली निदान तेवढी जुनी. गोल कोपरे आणि त्या तीन रेघा ही १९३० ते ५० च्या दशकांतल्या आर्ट डेको या बांधकामशैलीची खूण. वेगाचा भास व्हावा म्हणून अशा रेघा ओढत. मोटारीच्या धंद्याला त्या शोभूनही दिसत.

पुढे आलेल्या स्लॅबची गोष्ट मात्र बरीच मागे जाते. सुरुवातीला पेट्रोलसाठी वेगळी इमारत नव्हतीच. १८८८ मध्ये मोटार बनवणाऱ्या कार्ल बेन्झची बायको बेर्था जर्मनीत गाडी घेऊन निघाली तेव्हा तिनं वाटेत विस्लॉखच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन, म्हणजे पेट्रोलसारखंच एक पातळ द्रव, घेतलं. पुढे डब्यांतून विक्री, मग दुकानासमोर फुटपाथच्या कडेला पंप, आणि गाड्यांची रांग भर रस्त्यात. १ डिसेंबर १९१३ ला अमेरिकेत पिट्सबर्गला गल्फ कंपनीनं रस्त्यापासून आत घेतलेलं स्टेशन उघडलं. गाडीनं आत वळायचं, छपराखाली पेट्रोल घ्यायचं, बाहेर पडायचं. तुमच्या आजोबांच्या पंपावर गाडी जशी फिरायची, तसंच. १९३७ मध्ये वॉल्टर डॉर्विन टीग या डिझायनरनं टेक्साको या तेल कंपनीसाठी पांढऱ्या चौकोनी पेटीसारखं स्टेशन आखलं, वर हिरव्या आडव्या रेघा. तुमच्या तीन रेघा मला त्याच घराण्यातल्या वाटतात.

पंप कोणत्या कंपनीचा होता? स्लॅबच्या दर्शनी कडेवर अक्षरं ठोकल्याची भोकं आहेत का बघा. बर्मा शेल भारतात १९२८ पासून होती, १९७६ ला सरकारनं घेतली आणि १९७७ ला तिचं नाव भारत पेट्रोलियम झालं.

आजोबांच्या वह्या असतील तर त्या आधी सांभाळा. १९३८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारनं, म्हणजे इथूनच, पेट्रोलच्या किरकोळ विक्रीवर पाच टक्के कर बसवला. असा कर प्रांताला लावता येतो का, यावर प्रकरण दिल्लीच्या नव्या फेडरल कोर्टात गेलं. त्या कोर्टापुढचं ते पहिलंच प्रकरण, आणि निकाल प्रांताच्या बाजूनं लागला. तुमच्या वह्यांत त्या कराचा रकाना सापडला तर मला नक्की कळवा.

जुना_पंपवाला:

ताई, मी असा दांडा सात वर्षं मारला हाये, म्हणून सांगतो. दांडा मागंपुढं मारला का जमिनीतल्या टाकीतलं पेट्रोल वरच्या काचेत चढे. काच भरली का जास्तीचं नळीनं परत टाकीत जाये, म्हणून माप काचेएवढंच राहे. मंग चावी फिरवली का ती काच होजमधून गाडीत रिती होये, अन् तेवढ्यात आपण दुसरी भरून घ्यायची. लाईट गेली तरी काम थांबे नाही.

गिऱ्हाईक काचेकडंच पाहे. रंग कसा हाये, कचरा हाये का, काच पुरी रिती झाली का, सारं त्याच्या डोळ्यासमोर.

आमच्या काचा पाच लिटरच्या. तुमच्यावर गॅलन लिहिलं असन तर त्या दशमानाच्या आधीच्या, साडेचार लिटरच्या जवळपास. अन् दांड्याची मूठ लाकडाची असन तर ती भंगारात जाऊ देऊ नका.

सेमिनरी_हिल्स:

आधी टाकीचं पाहा, बाकी सगळं नंतर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, तळाशी बसून राहते. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. तिथं गॅस कटर अजिबात लावू देऊ नका. टाकी जाणकारांकडून वाफमुक्त करून घ्या, मगच जेसीबी.

१९३४ च्या पेट्रोलियम कायद्याखाली अशा टाकीला परवाना लागतो आणि परवान्यासोबत मंजूर नकाशा असतो. घरच्या कागदांत तो शोधा. टाकी, व्हेंट पाईप (टाकीतली वाफ बाहेर सोडणारा), खोली, रस्ता, सगळं त्यावर मापासकट मिळेल. परवाने देणाऱ्या पेसोचं (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची सरकारी संस्था) मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. बंद टाकीबद्दल तिथं विचारा.

धरमपेठची_नात:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल जाऊन आले. भोकं आहेत! चुना खरवडला तर खाली लाल रंग, आणि भोकांच्या मांडणीवरून दोन शब्द, दुसरा आखूड. बर्मा शेलच असणार. शाबूत काचेच्या पट्टीवर गॅलनच लिहिलंय.

काका, मूठ लाकडाचीच आहे. उजवीकडून इतकी झिजलीय की हात आपोआप त्या खळगीत बसतो. मी बराच वेळ धरून उभी होते. हातपंप आणि मूठ घरी आणायचं ठरलं. टाकी मोकळी करून दिल्याशिवाय तोडकाम सुरू करणार नाही, असं घेणाऱ्यांकडून लिहून घेतलंय. वह्यांचं गाठोडं काकूंच्या माळ्यावर आहे, ते या आठवड्यात उतरवते.

रविवारी सकाळी सातला मोजमापाला जातेय. टेप पन्नास फुटी आहे, दुसरं टोक धरायला कोणी येणार असेल तर सांगा.