शब्दचर्चा : चिपाड, भुसा, बगॅस – तिन्हीला इंग्रजीत एकच शब्द?

अनुवादक, कोल्हापूर : गुऱ्हाळांच्या चुलवाणांवरचा (काहिलीखालच्या भट्ट्यांवरचा) एक मराठी अहवाल इंग्रजीत न्यायचा आहे. सारांश परदेशी ऊर्जा-माहितीसंग्रहात जाईल. मुळात सगळीकडं ‘चिपाड’ आहे आणि कोशात त्यापुढं ‘बगॅस’. तसंच ठेवावं का? ‘उष्मांक’ला काय करावं?

घाणा : ‘बगॅस’ ठेवा, पण एकटा सोडू नका. घाण्यातून निघून चार दिवस उन्हात वाळलेलं ते चिपाड. कारखान्याच्या शेवटच्या मिलमधून पट्ट्यावरून थेट बॉयलरकडं जातं ते बगॅस. कामगार त्यालाच भुसा म्हणतात. पाचट वेगळं, तो उसाचा वाळका पाला. (ऊस खाऊन थुंकतात तो चोथा. तो चुलवाणात कुणी घालत नाही, तेव्हा सोडून द्या.) इंग्रजीत घाण्याचं आणि मिलचं दोन्ही ‘बगॅस’च होतं, आणि घोटाळा तिथंच होतो.

बॉयलरघर : घोटाळा किती मोठा ते बघा. मिलमधल्या बगॅसमध्ये निम्मं पाणी. त्याची निव्वळ उष्णता किलोला सुमारे ७.४ मेगाज्यूल. वाळून ओलावा १० टक्क्यांवर आलेल्या चिपाडाची सुमारे १५.७, म्हणजे दुपटीच्या वर. इंधनं एका मापात आणायला ‘टन तेल-समतुल्य’, म्हणजे टनभर तेलाची उष्णता, हे एकक धरतात; एक टन म्हणजे ४१.८६८ गिगाज्यूल. त्या हिशेबानं १,००० टन चिपाड सुमारे ३७५ टन तेलाइतकं भरतं. वाचणाऱ्यानं तेच ओलं बगॅस धरलं तर आकडा १७७ वर येतो. मग तेवढाच गूळ निम्म्या उष्णतेत निघाला असं वाटून तुमचं चुलवाण कागदावर, खरं आहे त्याच्या दुप्पट कार्यक्षम दिसेल. चूक चुलवाणाची नाही, अनुवादाची.

अनुवादक, कोल्हापूर : पण आमच्या अहवालात ओल्या बगॅसलाही २,२५० किलोकॅलरी दिलीय. ते तर ९.४ मेगाज्यूल होतात.

बॉयलरघर : ते स्थूल मूल्य. जळताना तयार झालेली वाफ पुन्हा पाणी होऊन आपली उष्णता परत देते असं त्यात धरलेलं असतं. प्रत्यक्षात ती वाफ धुराड्यातून निघून जाते. किलोभर ओल्या बगॅसमधलं अर्धा किलो पाणी आणि त्यातल्या हायड्रोजनपासून बनणारं पाणी मिळून १.९ मेगाज्यूलच्या आसपास घेऊन जातात. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था निव्वळ मूल्य धरते, अमेरिकेची सरकारी आकडेवारी स्थूल. म्हणून ‘निव्वळ’ की ‘स्थूल’ हे लिहिल्याशिवाय आकडा पाठवूच नका.

कोशवाला : ‘उष्मांक’ आता ताटातल्या भाकरीला चिकटलाय. इंधनासाठी ‘उष्मामूल्य’ बरा.

संग्रहाचं म्हणाल तर तिथं शोध मोकळ्या शब्दांवर कमी, ठरलेल्या संज्ञांवर जास्त चालतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या छत्राखाली १९८७ ते २०१४ चाललेली माहिती-देवाणघेवाण आणि व्हिएन्नाच्या अणुऊर्जा संस्थेचा १९७० पासूनचा आयनिस संग्रह, दोघांनी एक संयुक्त संज्ञाकोश वापरला. आयनिसचा कोश आठ भाषांत आहे. त्यात मराठी नाही, हिंदीही नाही. तेव्हा संज्ञा त्यांचीच द्या, पण सारांशात ‘चिपाड’ उच्चाराप्रमाणे एकदा येऊ द्या आणि पुढं अर्ध्या ओळीत फोड. ‘भुसा’ मात्र नको. बाहेरचा माणूस त्याला गव्हाचा समजेल.

घाणा : पाचटही बगॅसमध्ये मिसळू नका. संयुक्त राष्ट्रांच्या ऊर्जा-वर्गीकरणात बगॅसचा खण वेगळा आहे. पाचट जाळलं असेल तर ते इतर वनस्पतिजन्य अवशेषांत जातं. चुलवाणात दोन्ही घालतात, म्हणून वजनं वेगळी मागून घ्या.

अनुवादक, कोल्हापूर : मग फोड अशी करतो : ‘तीन लाटांच्या घाण्यातून निघालेलं, उन्हात वाळवलेलं बगॅस; ओलावा १० टक्के; निव्वळ उष्मामूल्य.’

बॉयलरघर : ओलाव्यापुढं ‘ओल्या वजनावर’ (म्हणजे पाण्यासकट एकूण वजनाच्या) घाला. १० टक्क्यांना फार फरक पडणार नाही, पण त्याच तक्त्यात मिलच्या बगॅसचे ५० टक्के आहेत. सुक्या वजनावर, म्हणजे पाणी सोडून उरलेल्या वजनाशी तुलना केली, तर तेच १०० टक्के होतात.